रॅनिटिडिन, कॅन्सर आणि आमच्या ब्रह्मपुरीचं ऊन

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, 1 एप्रिल 2020 रोजी सगळ्या कंपन्यांना रॅनिटिडिन हे पित्तावरचं, जळजळीवरचं औषध बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. त्याच महिन्याच्या अखेरीस युरोपच्या औषध संस्थेनेही ते स्थगित करण्याची शिफारस केली. आमच्या ब्रह्मपुरीत मात्र रॅनिटिडिन आजही रोज विकलं जातं. रॅनटॅक म्हणा, अॅसिलॉक म्हणा, तीस गोळ्यांची पट्टी, एका गोळीला रुपया-दीड रुपया. माझ्या मेडिकलच्या रॅकवरही ती आहे. मी फार्मसी शिकले, लग्न होऊन या गावी आले, आणि तेव्हापासून काउंटरवर मीच असते. त्यामुळे या गोळीबद्दल लोक जे विचारतात ते मलाच विचारतात.

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "ताई, रॅनटॅकनं कॅन्सर होते म्हणते, खरं हाय का?" मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ फिरून आलेला असतो. मी थोडं सांगायला लागले की पुढचा प्रश्न येतो, आणि तो जास्त रोखठोक असतो: "मंग तुमी काऊन विकता?"

याचं उत्तर काउंटरवर, मागे चार माणसं उभी असताना देता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी हे औषध काय आहे ते सांगते. जठरात आम्ल तयार करणाऱ्या पेशींना हिस्टामिन नावाचं रसायन आदेश देतं. तो आदेश जिथे पोचतो ती जागा अडवायची, म्हणजे आम्ल कमी तयार होतं. या कल्पनेवर सर जेम्स ब्लॅक यांनी काम केलं, त्यातून सिमेटिडिन आलं, आणि 1988 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रॅनिटिडिन हे त्याच घराण्यातलं पुढचं औषध. ग्लॅक्सो कंपनीने ते 1981 मध्ये ब्रिटनमध्ये झॅन्टॅक या नावाने आणलं. काही वर्षांत ते जगात सर्वांत जास्त विकलं जाणारं औषध झालं. त्याआधी अल्सरचे रोगी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जायचे, जठराचा तुकडा कापून काढावा लागायचा. या गोळीने ती वेळ लाखो लोकांवर येऊ दिली नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण रॅनिटिडिनला सरसकट विष म्हणणारे व्हिडिओ हा भाग गाळतात.

सप्टेंबर 2019 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातल्या व्हॅलिश्युअर नावाच्या ऑनलाइन औषध दुकानाने एफडीएकडे अर्ज केला. विकण्याआधी औषधं तपासून घेण्याची त्यांची पद्धत होती. त्यांच्या प्रयोगशाळेत रॅनिटिडिनच्या गोळीत एनडीएमए नावाचं रसायन सापडलं, तेही एका गोळीत 30 लाख नॅनोग्रॅमच्या वर. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. एफडीएच्या हिशेबाने माणसाच्या पोटात दिवसाला 96 नॅनोग्रॅमपर्यंत एनडीएमए गेलं तर चालवून घेता येतं. ही मर्यादा कशी काढली? एवढं रसायन कुणी सत्तर वर्षं रोज घेतलं, तर एक लाख माणसांमागे एखाद्याला जास्तीचा कॅन्सर होऊ शकतो, असा तो अंदाज आहे. कुठे 96 आणि कुठे 30 लाख!

एनडीएमए हे नायट्रोसामाइन गटातलं रसायन. प्राण्यांमध्ये त्याने, विशेषतः यकृतात, गाठी होतात हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. माणसांसाठी ते 'बहुधा कॅन्सरकारक' या वर्गात धरलं जातं. त्याच्या आदल्या वर्षी, 2018 मध्ये, बीपीच्या व्हॅल्सार्टन या औषधात ते सापडलं होतं, तेव्हाही बरीच खळबळ झाली होती. पण व्हॅल्सार्टनमधली भेसळ कारखान्यातल्या एका प्रक्रियेतून आली होती. प्रक्रिया बदलली की प्रश्न मिटण्यासारखा होता. रॅनिटिडिनची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त गंभीर वाटते. एनडीएमए तयार व्हायला जे दोन तुकडे लागतात ते दोन्ही रॅनिटिडिनच्या रेणूतच आहेत. एका टोकाला डायमिथाइल अमाइन, दुसऱ्या टोकाला नायट्रो गट. म्हणजे बाहेरून काही मिसळावं लागत नाही. रेणू सावकाश मोडत जातो आणि त्या तुकड्यांतून एनडीएमए जुळतं. कारखाना कितीही स्वच्छ असला तरी डबीतल्या गोळीत हे घडू शकतं.

एफडीएने व्हॅलिश्युअरचा 30 लाखांचा आकडा मान्य केला नाही, आणि त्यात तथ्य होतं. त्यांच्या तपासणीत नमुना 130 अंशांपर्यंत तापवला जात होता, आणि त्या तापण्यानेच एनडीएमए तयार होत होतं. एफडीएने न तापवता मोजायची पद्धत वापरली, तेव्हा प्रमाण फारच कमी आलं. काही नमुने मर्यादेच्या आत, काही मर्यादेच्या वर. नोव्हेंबर 2019 मध्ये एफडीएने सांगितलं की हे प्रमाण भाजलेल्या, धुरावलेल्या मांसातून पोटात जाणाऱ्या एनडीएमएइतकंच आहे. बऱ्याच लोकांना वाटलं, चला, विषय संपला.

पण तो संपला नाही. एफडीएने गोळ्या ठेवून ठेवून पुन्हा तपासल्या. साध्या खोलीच्या तापमानालाही दिवसागणिक एनडीएमए वाढत होतं, आणि जास्त तापमानाला ठेवलेल्या नमुन्यांत ते लक्षणीय वाढलं. हे जास्त तापमान म्हणजे प्रयोगशाळेतली भट्टी नव्हे. वाहतुकीत आणि घरात गोळी जेवढी तापू शकते तेवढंच. गोळी जितकी जुनी, तितकं एनडीएमए जास्त. म्हणूनच 1 एप्रिल 2020 चा तो आदेश निघाला. ग्राहकाच्या हातातली गोळी कुठे, किती दिवस आणि किती तापमानात राहिली हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून ती बाजारातच नको, असा त्यांचा विचार.

आता आमच्याकडे या.

ब्रह्मपुरी चंद्रपूर जिल्ह्यात. उन्हाळ्यात राज्यातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत आमचं नाव येतंच. मे महिन्यात पारा 46-47 पर्यंत जातो. नागपूरहून माल निघतो तो टेम्पोत, ताडपत्रीखाली, दुपारच्या उन्हात. इथल्या बऱ्याच दुकानांचं मागचं गोदाम टिनाचं असतं. इन्सुलिन आणि लसी फ्रिजमध्ये जातात, तो नियमच आहे. गोळ्या जातात रॅकवर. पट्टीवर छापलेलं असतं: 30 अंशांच्या आत, कोरड्या जागी, प्रकाशापासून दूर ठेवा. एका उन्हाळ्यात मी रॅकच्या मागे एक डिजिटल थर्मामीटर टांगला. दुपारी तीनला, कूलर चालू असताना, तो 38-39 दाखवायचा. लाइट गेली की अजून वर. आणि कूलरने हवा गार होते तशी दमटही होते. गोळीला दोन्ही नको असतं.

हे झालं दुकानाचं. घरी काय होतं तेही मी पाहिलंय. राइस मिलमध्ये काम करणारे एक काका माझे जुने ग्राहक. एकदा त्यांनी शर्टाच्या खिशातून अर्धी संपलेली पट्टी काढून दाखवली, "हेच द्या" म्हणाले. घामाने फॉइल चुरगळलेलं, दोन घरांचं आवरण कोपऱ्यातून सुटलेलं. त्यातली एक गोळी मी तळहातावर घेतली. कोटिंग ओलं होऊन चिकट झालेलं, एका बाजूला काळपट डाग, आणि नाकाशी नेली तर गंधकासारखा उग्र वास. रॅनिटिडिनला मुळातच थोडा वास असतो, पण इतका नाही. ओल शोषून घ्यायचा या औषधाचा स्वभावच आहे. ती पट्टी किती दिवस खिशात आहे विचारलं तर म्हणाले, "रोवणीच्या अगोदरची असन." रोवणी म्हणजे भाताची लावणी. म्हणजे पूर्ण पावसाळा गेला होता. मी ती पट्टी ठेवून घेतली.

त्या गोळीत किती एनडीएमए होतं हे मला सांगता येणार नाही, ते मोजायचं यंत्र गावात कुठून असणार. पण अमेरिकेत 25 अंशांच्या दुकानात ठेवलेल्या गोळीबद्दल जो प्रश्न विचारला गेला, तो टिनाच्या गोदामातल्या आणि घामाच्या खिशातल्या गोळीबद्दल त्याहून मोठ्याने विचारायला हवा. कॅन्सर होतो की नाही या वादात सगळे अडकतात आणि उन्हाचं कुणी बोलत नाही. मला बोलायचंय ते उन्हाचंच.

भारतात काय झालं ते सांगते. सप्टेंबर 2019 मध्येच आपल्या औषध महानियंत्रकांनी राज्यांना कळवलं की उत्पादकांनी आपापलं रॅनिटिडिन तपासावं. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने आपलं झिनेटॅक, म्हणजे त्यांचं रॅनिटिडिन, भारतातून परत मागवलं. आमच्या स्टॉकिस्टचा फोन आला, झिनेटॅक वेगळं काढून ठेवा, माणूस येऊन नेईल. बाकीच्या कंपन्यांचा माल चालू राहिला. सप्टेंबर 2022 मध्ये अत्यावश्यक औषधांची नवी राष्ट्रीय यादी आली, तिच्यातून 26 औषधं वगळली गेली आणि त्यात रॅनिटिडिन होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या 'कॅन्सरच्या भीतीने बंदी' अशा थाटाच्या. बंदी नव्हती. यादीतून काढणं आणि विक्री बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या आठवड्यात हे समजावता समजावता माझा घसा बसला. मग जुलै 2025 मध्ये महानियंत्रकांनी राज्यांना पुन्हा पत्र पाठवलं: उत्पादकांनी कच्च्या मालात आणि तयार गोळीत एनडीएमए मोजत राहावं, आणि गरज पडली तर गोळीची मुदत कमी करण्यासारखे उपाय करावेत.

मुदत कमी करण्याचा तो मुद्दा मला फार योग्य वाटला. प्रश्न काळाचा आणि उष्णतेचा आहे हे त्यात मान्य केलेलं आहे. पण पुढचं पाऊलही हवं. बॅचमागे किती एनडीएमए निघालं तो आकडा लोकांना दिसला पाहिजे. कंपनीने मोजलं, फाइलला लावलं, एवढ्याने माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला काय सांगू? आणि नमुने उचलायचे तर ते कारखान्याच्या दारातून नकोत. चंद्रपूर, अकोला, जळगाव, नांदेडच्या दुकानांतून उचला, मे संपल्यावर, जूनमध्ये.

आता मूळ प्रश्न. रॅनटॅकनं कॅन्सर होतो का?

आजवर माणसांवर जे अभ्यास झाले त्यांतून तसं सिद्ध झालेलं नाही. 2016 मध्ये एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं की रॅनिटिडिन घेतल्यावर लघवीतलं एनडीएमए कित्येक पटींनी वाढतं. लोक घाबरले ते बरंचसं त्यामुळे. पुढे त्या अभ्यासाच्या मोजमापाच्या पद्धतीतच गडबड असल्याचं लक्षात आलं आणि तो मागे घेतला गेला. एफडीएने 18 निरोगी माणसांना 300 मिलीग्रॅम रॅनिटिडिन देऊन काटेकोर चाचणी केली, ती 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. लघवीत एनडीएमए वाढलं नाही. म्हणजे पोटात गेल्यावर गोळीचं मोठ्या प्रमाणात एनडीएमए होतं ही भीती बरीच कमी झाली. पुढे 2023 मध्ये अनेक देशांच्या नोंदी एकत्र करून, दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली. रॅनिटिडिन घेणारे आणि त्याच घराण्यातली दुसरी औषधं घेणारे, यांच्यात कॅन्सरच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

अमेरिकेत खटले मात्र हजारोंनी झाले. फ्लोरिडातल्या केंद्रीय न्यायालयात न्यायाधीश रॉबिन रोझेनबर्ग यांनी डिसेंबर 2022 मध्ये फिर्यादींच्या तज्ज्ञांची साक्षच शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही म्हणून नाकारली. मे 2024 मध्ये शिकागोत ज्युरीपुढे पहिला खटला चालला, निकाल कंपन्यांच्या बाजूने गेला. तरी ऑक्टोबर 2024 मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने सुमारे 80,000 दावे मिटवायला 2.2 अब्ज डॉलरपर्यंत द्यायचं कबूल केलं, मात्र दोष मान्य केला नाही. एवढे पैसे दिले म्हणजे काहीतरी असणारच, असं गिऱ्हाईक म्हणतं. मला यातून एवढंच कळतं की वर्षानुवर्षं वकिलांवर खर्च करण्यापेक्षा मिटवून टाकणं कंपनीला परवडलं. गोळीने काय होतं हे त्या रकमेवरून ठरत नाही.

म्हणून ज्यांनी दोन-चार वर्षं रॅनटॅक घेतली आहे त्यांना मी सांगते: रात्रीची झोप घालवू नका. तुमच्या वाट्याला आलेला धोका असलाच तर फार छोटा आहे. पण जो धोका टाळता येतो तो घ्यायचाही कशाला? याच घराण्यातलं फॅमोटिडिन उपलब्ध आहे, स्वस्त आहे, आणि त्याच्या रेणूत ही अडचण नाही. एफडीएने फॅमोटिडिन, सिमेटिडिन, ओमेप्राझोल यांचे नमुने तपासले तेव्हा त्यांत एनडीएमए सापडलं नव्हतं. अमेरिकेत झॅन्टॅक हे नाव आज पुन्हा दुकानात दिसतं, पण डबीच्या आत फॅमोटिडिन असतं. आमच्याकडे डॉक्टरांच्या हाताला रॅनटॅक लिहायची सवय आहे. दुखण्याची गोळी दिली की सोबत रॅनटॅक, सलाइन लावलं की त्यात रॅनटॅकचं इंजेक्शन. गावातल्या दोन डॉक्टरांशी मी याबद्दल बोलले. एकांनी लगेच फॅमोटिडिन लिहायला सुरुवात केली. दुसरे म्हणाले, मॅडम, तीस वर्षं देतोय, कुणाला काही झालं नाही. तीस वर्षांनी कुणाला काय झालं हे कुणी नोंदवून ठेवलं आहे का, हा माझा प्रश्न होता. तो मी त्यांना विचारला, आणि त्यांनी तो मनावर घेतला असावा असं मला वाटतं.

आता एक गोष्ट लिहिते ती मला गोळीपेक्षाही जास्त छळते.

"या गोळीनं कॅन्सर होते का" असं विचारणाऱ्या माणसाच्या गालात पुष्कळदा खर्रा असतो. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून केलेला. आमच्या झाडीपट्टीत पानठेल्यावर सकाळी सहापासून तो घोटला जातो. शेतात बाया खातात, शाळेतली पोरं खातात. तंबाखूतही नायट्रोसामाइनच असतात, एनडीएमएचे भाऊबंद. आणि तंबाखूतल्या एनएनएन आणि एनएनके या दोघांबद्दल 'बहुधा' हा शब्द लागत नाही. ते माणसात कॅन्सर करतात हे निश्चित झालेलं आहे. गोळीत काही नॅनोग्रॅमचा वाद आहे, खर्ऱ्यात ते किती तरी पटींनी जास्त. वर त्याच खर्ऱ्याने जळजळ वाढते, म्हणून ती शमवायला पुन्हा गोळी. मी हे हात जोडून सांगते. काही जण ऐकतात, पुष्कळ जण नाही ऐकत. पण सांगायचं सोडलेलं नाही.

जळजळ कशामुळे होते हेच कुणी शोधत नाही, हा खरा रोग. रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर चिखलात वाकून असतात. संध्याकाळी कंबर धरलेली असते, मग दुखण्याची गोळी, तीही उपाशीपोटी. चार दिवसांनी पोटात आग पडते. मग रॅनटॅक. दुखण्याच्या गोळ्यांनी जठराला जखम होते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. तो जठरात राहतो, अल्सर करतो. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हे दाखवून दिलं, त्यांना 2005 चं नोबेल मिळालं. आपल्या देशात हा जिवाणू खूप लोकांच्या पोटात असतो. अल्सर त्याच्यामुळे असेल तर जन्मभर आम्ल कमी करायची गोळी खाण्याची गरजच नाही. दोन आठवड्यांचा अँटिबायोटिकचा कोर्स नीट पूर्ण केला की बहुतेकांचा अल्सर पुन्हा उलटत नाही. आणि हा जिवाणू वर्षानुवर्षं तसाच राहिला तर जठराचा कॅन्सर करू शकतो, हे आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने 1994 मध्येच पहिल्या, म्हणजे 'निश्चित कॅन्सरकारक' या वर्गात नोंदवलं आहे. म्हणजे जळजळीच्या गोळीचा कॅन्सरशी जो पक्का संबंध आहे तो हा: गोळीने बरं वाटतं, आणि ज्या दुखण्यावर इलाज व्हायला हवा ते आत तसंच राहतं.

मघाशी ज्या राइस मिलवाल्या काकांचं सांगितलं, त्यांचं हेच होतं. वर्षानुवर्षं पट्टी. एकदा सहज बोलता बोलता म्हणाले, संडास डांबरासारखी काळी होते. मी त्यांना गोळी दिली नाही. त्यांच्या मुलाला फोन करून बोलावलं, आणि म्हटलं, नागपूरला नेऊन दुर्बिणीतून पोट तपासा, याच आठवड्यात. मुलगा कुरकुरला, मजुरी बुडेल म्हणाला, पण घेऊन गेला. जठराला लागूनच्या आतड्यात अल्सर निघाला, त्यातून रक्त झिरपत होतं, आणि तपासणीत तो जिवाणूही सापडला. कोर्स झाला. काका आता माझ्याकडे बीपीची गोळी घ्यायला येतात, पित्ताची नाही.

ज्यांना खालीलपैकी काही होतं त्यांनी मेडिकलवर येऊच नये, थेट डॉक्टरकडे जावं: घास गिळताना अडकतो, वजन आपोआप उतरतंय, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, रक्त कमी झालंय, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच जळजळ सुरू झाली आहे. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर "गॅस झाला असन" म्हणून गोळी मागू नका. तो हार्ट अटॅक असू शकतो. अशा माणसाला मी काउंटरवर एक मिनिटही थांबवून घेत नाही.

"मंग तुमी काऊन विकता?" याचं माझं उत्तर असं. चिठ्ठीवर डॉक्टरांनी रॅनिटिडिन लिहिलं असेल तर ते मी देते, कारण बंदी नाही आणि चिठ्ठी मनाने बदलायचा मला अधिकार नाही. पण रोज घेणारा असेल तर त्याला फॅमोटिडिनबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगते, आणि लागलं तर मीच फोन लावून देते. चिठ्ठीशिवाय नुसतं नाव सांगून मागितलं तर देत नाही. समोरच्या दुकानात मिळते हे मला ठाऊक आहे. तरी देत नाही. पट्टी देताना सांगते की खिडकीत, गाडीच्या डिकीत, शर्टाच्या खिशात ठेवू नका, घरात माठाजवळही नको, तिथे ओल असते. धान्याच्या खोलीतलं लाकडी कपाट सगळ्यांत बरं. लागतील तेवढ्याच गोळ्या न्या, आख्खी पट्टी नको.

आणि मार्चपासून जूनपर्यंत रॅनिटिडिनचा साठा मी करत नाही. स्टॉकिस्टला सांगितलंय, थोडा थोडा माल पाठवा, तो ताज्या बॅचचा असू द्या, आणि सकाळच्या गाडीने पाठवा. पहिल्यांदा त्यांना हे खूळ वाटलं, आता पाठवतात.

विदर्भ, मराठवाडा, खानदेशात जे मेडिकल चालवतात त्यांना एक विनंती. शे-दोनशे रुपयांचा थर्मामीटर घ्या आणि गोळ्यांच्या रॅकमागे टांगा. मे महिन्यात दुपारी तीनला काय दाखवतो ते वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी ड्रग इन्स्पेक्टर तपासणीला आले की ती वही त्यांच्यापुढे ठेवा. मी माझी ठेवली आहे. त्यांनी तिचा फोटो काढून नेला आहे.